मदत हवी आहे: मुंबईत खेळल्या गेलेल्या जुन्या आरपीजी गेम्सची नोंद कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवरचे रोल-प्लेइंग गेम्स (आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम्स) मुंबईत कसे फिरले, कोण कशाच्या आधारावर खेळायचं, हे लिहून ठेवायला घेतलंय. मूळ इतिहास शोधला की सापडतो. १९७४ला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ कागदावर आलं, १९७५ला इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटरवरून शिकवायच्या यंत्रणेवर ‘पेडिट५’ हा गेम (नाव अभ्यासाच्या फाइलीसारखं, तरी यंत्रणा सांभाळणारे लोक पुसून टाकायचेच), १९८१ला ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’. मला हवंय ते गिरगाव-दादरमधलं.

उदाहरणार्थ १९८८चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा गेम. खेळता खेळता तो सांगायचा, जर्नलमधली अमुक नंबरची नोंद वाचा. ती नोंद खोक्यातल्या छापील पुस्तिकेत, आणि त्यातल्या काही नोंदी मुद्दाम खोट्या. शिवाय चोरट्या प्रती अडवायला पुठ्ठ्याची फिरती चकती, तिच्यावरून शब्द जुळवला नाही तर गेम चालणार नाही. मित्राच्या मित्राकडून आलेल्या फ्लॉपीला खोकं कुठलं असायला? मावसभावाच्या माळ्यावर त्या चकतीची झेरॉक्स सापडली, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवून मधोमध टाचणी ठोकलेली. सोबत आलेखवहीत पेन्सिलीचे नकाशे. गेममधला एकेक भाग १६ बाय १६ चौकटींचा, त्यामुळे पानात ऐसपैस बसतो. एका कोपऱ्यात लिहिलंय, ‘इथे ट्रोल (गेममधला राक्षस). पळ.’ माझ्या मते गेमच्या फायलींपेक्षा हे कागद मोलाचे. फायली जगात कुठेही मिळतील.

अडचणी अशा. सव्वापाच इंची फ्लॉप्यांना बुरशी लागलीय (मुंबईचे पावसाळे, दुसरं काय), त्या वाचायच्या कशा? साल कसं ठरवायचं? मित्राने एक फ्लॉपी वाचून दिली, तर बऱ्याच फायलींवर १-१-१९८० तारीख! आणि कुणाकडे असे नकाशे, झेरॉक्स पुस्तिका असतील तर नुसते फोटो काढू द्याल का?

— माळ्यावरचा

बोरीबंदर: बुरशी दिसतेय तर ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला घाण लागली की पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खरवडल्या जातील. पाकिटाची एक कड कापून आतली चकती बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, स्वच्छ पाकिटात घालून मग वाचा. जुन्या पीसीतला ड्राइव्ह आणि तो आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा ग्रीसवीझल बोर्ड घ्या. तो फायली न उचलता चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपतो, म्हणजे खराब सेक्टरवर (चकतीच्या न वाचल्या गेलेल्या तुकड्यांवर) नंतर निवांत डोकं लढवता येतं.

आत्याबाईंचा पीसी: १-१-१९८० म्हणजे मशीनचं घड्याळ चालत नव्हतं आणि सुरू करताना कुणी तारीख घातली नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही. उलट बाजूने, डॉसमध्ये (तेव्हाच्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम) कॉपी केली की फाइलीची जुनी तारीख तशीच राहते, म्हणून गेमच्या मूळ फायली अमेरिकेतली तारीख सांगतील. सेव्ह गेमच्या (खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या) फायली बघा. त्या खेळताना, इथल्या मशीनवर लिहिल्या गेल्या. माझ्याकडे ‘आय ऑफ द बिहोल्डर’ या गेमची झेरॉक्स पुस्तिका आहे, पार्ल्याला येऊन फोटो काढा. मूळ प्रत दारातून बाहेर जाणार नाही, आधीच सांगते.

माळ्यावरचा: दोघांचेही आभार. ताई, रविवारी येऊ का? सेव्ह गेम बघितले, काहींवर १९९२चा मे महिना आहे. शाळेच्या सुट्टीशी जुळतंय, मावसभावाला विचारून खात्री करतो. आणखी एक, ती पुठ्ठ्याची चकती स्कॅन करायला टाचणी काढावी की नको?

बोरीबंदर: गंजली असेल तर पुठ्ठा फाटेल. राहू द्या. वरची चकती थोडी थोडी फिरवत प्रत्येक वेळी वरून फोटो घ्या.