स्वस्त कीबोर्ड-स्विचला वाहक प्लास्टिकचे कॉन्टॅक्ट: जमेल की फसेल?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

प्रस्ताव मांडतो, झोडपायचा तर झोडपा.

ठाणे-कळव्यातल्या टायपिंग क्लासना परवडेल असा ८७ कळांचा कीबोर्ड इथेच बनवायचा आहे. बाजारातला साधा मेकॅनिकल स्विच २० रुपयांना धरा. १,७४० रुपये स्विचमध्येच गेले. त्या स्विचमध्ये महाग काय, तर सोन्याचा ठिपका असलेली बारीक पट्टी आणि ती पट्टी कापणारी डाय. म्हणून पट्टीच काढून टाकायची.

रचना अशी: कळीच्या दांड्याच्या तळाला ४ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची काळी टिकली, कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळी) मिसळलेल्या पीएलएची (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक), प्रिंटरवर छापलेली. खाली पीसीबीवर (सर्किटच्या बोर्डावर) दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे तांब्याचे दोन पॅड. टिकली खाली आली की दोन्ही जोडले जातात. परत वर ढकलायला स्टीलची साधी स्प्रिंग. ३ भाग, संपलं. वाहक प्लास्टिकला सोल्डर लागत नाही, पण या रचनेत लावायचंच नाही.

रोधाची भीती घालणाऱ्यांसाठी आकडे. प्रोटो-पास्ता कंपनीच्या वाहक पीएलएची रोधकता (मालाचा अंगचा रोध) उत्पादकच देतो: छापलेल्या भागात थरांच्या दिशेने ३० ओहम-सेंमी, थरांना आडवा ११५. टिकलीतून वाईट दिशेने आरपार मोजलं तरी १८३ ओहम. आता चिपला किती चालतो ते बघा. एटीमेगा ३२यू४ ला ५ व्होल्टवर ‘शून्य’ वाचायला पिनवर ०.९ व्होल्टच्या खाली यावं लागतं. आतला पुल-अप (कळ सुटलेली असताना पिनचं व्होल्टेज वर ओढून धरणारा रोध) २० ते ५० किलोओहम. सर्वांत कडक, २० किलोचा पुल-अप धरला तर करंट ०.२ मिलिअँपिअर. कळीपाशी लावलेला ४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) त्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडं जास्त खातो. उरलेल्या ०.३७ व्होल्टच्या आसपास स्विचला १.८ किलोओहमपर्यंत मुभा आहे. १८३ कुठे, १,८०० कुठे!

एका टिकलीचं वजन ०.०३ ग्रॅम. अख्ख्या कीबोर्डला ३ ग्रॅमही माल लागत नाही.

पितळी पट्टी

असहमत. गणित बरोबर आहे, पण भलत्याच रोधाचं आहे.

तुम्ही टिकलीच्या पोटातला रोध मोजलात. स्विच चालतो-बिघडतो तो टेकण्याच्या जागी. छापलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरा: नोझलच्या ०.४ मिमीच्या रेघा शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसतात, आणि पॅडला टेकतात ते त्यातल्या दोन-तीन वरंब्यांचे माथे. ठिपक्याएवढ्या जागेतून करंट प्लास्टिकमध्ये शिरतो तेव्हा आखडण्याचा रोध लागतो: रोधकता भागिले ठिपक्याच्या त्रिज्येची चौपट. ०.१ मिमी व्यासाचा ठिपका घ्या, म्हणजे त्रिज्या ०.००५ सेंमी. ३० भागिले ०.०२, झाले १,५०० ओहम. टिकली दोन पॅडना टेकते, म्हणजे असे दोन रोध एकापुढे एक: ३ किलो. तुमची १.८ ची मर्यादा तिथेच ओलांडली, आणि टिकलीचं पोट तर अजून मोजलंच नाही.

दुसरं. टिकली कडक आहे. दांडा घरात सैल बसतो, त्यामुळे ती तिरकी उतरते आणि एका कडेवर टेकते. तिसरं, पॅडच्या बोटांमध्ये (कंगव्याच्या दातांमध्ये) हिरवं सोल्डरमास्क (बोर्डावरचा रंगाचा लेप) भरलं असेल तर ते तांब्याच्या पातळीच्या थोडं वर राहतं. कडक टिकली मास्कवर बसून राहते, तांब्याला शिवतच नाही. स्विच ‘कधी लागतो, कधी नाही’ अशी तक्रार येते आणि दोष बिचाऱ्या प्लास्टिकवर जातो.

खाडीकाठचा

मास्कचा मुद्दा मान्य. टिकली ४ मिमीची, तर मास्कची खिडकी ५ मिमीची ठेवायची आणि बोटांमध्ये मास्क अजिबात नको.

टिकलीचा छापलेला तळ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात १०-१२ वेळा गोल फिरवायचा. रेघा सपाट होतात. काचेवर छापलेली बाजू चकचकीत दिसते म्हणून तशीच वापरू नका. तिच्यावर कोरड्या पॉलिमरची साय असते, तीही घासून काढावी लागते. तिरकेपणासाठी टिकलीमागे १ मिमीचा फोम. टिकली स्वतःच पॅडला समांतर बसते.

आणि पुल-अप काय दगडावरची रेघ आहे? आतला बंद करून बाहेरून १०० किलोओहम लावा. करंट ४१ मायक्रोअँपिअरवर येतो, डायोडही कमी खातो, आणि स्विचची मुभा ११ किलोओहमच्या आसपास जाते. तुमचे ३ किलो त्यात आरामात बसतात. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर १०० पिकोफॅरड धारकता धरली तरी पिनचं व्होल्टेज वर यायला १० मायक्रोसेकंदांचा काळ-स्थिरांक (रोध गुणिले धारकता). क्यूएमके (कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) कळा स्कॅन करताना मुळातच ३० मायक्रोसेकंद थांबतं.

ओहमकार

३० मायक्रोसेकंद म्हणजे तुमच्या १०० किलोला जेमतेम तीन काळ-स्थिरांक. चालेल, पण तो थांबा ५० करा, नाहीतर शेजारच्या ओळीची भुतं दिसतील, म्हणजे न दाबलेल्या कळा दाबल्यासारख्या वाटतील.

त्यापेक्षा चिपच बदला ना. आरपी२०४० चा आतला पुल-अप ५० ते ८० किलो, आणि ३.३ व्होल्टवर ०.८ च्या खाली शून्य. बाहेरचा एकही रेझिस्टर न लावता स्विचला ७ किलोओहम मिळतात.

मोजणाऱ्यांसाठी दोन सूचना, कारण इथेच निम्मी भांडणं होतात. मल्टिमीटरच्या ‘बीप’वर वाहक प्लास्टिक तपासू नका. बहुतेक मीटरचा बीप काही दहा ओहमांच्या वर गेला की गप्प, आणि लोक चांगला माल फेकून देतात. २० किलोच्या रेंजवर मोजा. दुसरं, प्रोबचं टोक टिकलीवर टेकवून येणारा आकडा त्या टोकाचा असतो, टिकलीचा नाही (वर पितळी पट्टींनी सांगितलेलं तेच गणित). दोन्ही बाजूंना तांब्याची टेप लावून, चिमट्यात धरून मोजायचं.

स्विचचा खरा आकडा काढायचा तर पीसीबीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, दोन पॅड मीटरला जोडा आणि कळ सावकाश दाबा. ज्या ग्रॅमला रोध मर्यादेच्या निम्म्यावर येतो तो आकडा लिहा. तळ गाठल्यावर बोटाचा दाब ६० ग्रॅम धरला तर त्यातला मोठा वाटा स्प्रिंग खाते. टिकलीला उरतात १०-१५ ग्रॅम. तेवढ्यात लागला नाही तर डिझाइन फसलं समजा, मग दाबून दाबून ‘बघा, लागतो की’ म्हणण्यात अर्थ नाही.

रबाळे रबर

मंडळी, पीएलएवरच का अडलात? टीव्हीचा रिमोट उघडा. कॅल्क्युलेटर उघडा. घरात ज्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात तो वाजवायचा कीबोर्ड उघडा: तिथे एका पट्टीखाली दोन काळ्या टिकल्या वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि त्या टेकण्यातल्या अंतरावरून सूर किती जोरात वाजवला ते कळतं. ती टिकली कार्बन भरलेल्या सिलिकॉन रबराची. रोधकता २ ते १० ओहम-सेंमी. आणि मऊ! मऊ असणं हाच मुख्य गुण. ती पॅडवर पसरते, १५ ग्रॅमवर शेकडो ठिकाणी टेकते, धूळ असली तर तिच्याभोवती वळसा घालते. फोम नको, पॉलिश पेपर नको.

काम असं होतं: कार्बन सिलिकॉनची शीट १७० अंशांच्या आसपास प्रेसमध्ये शिजवायची, पंचने टिकल्या पाडायच्या, त्या घुमटाच्या (कळ परत वर उचलणाऱ्या रबरी टोपीच्या) साच्यात ठेवून वर साधं सिलिकॉन दाबायचं. नंतर २०० अंशांवर ४ तास ओव्हन. ही शेवटची पायरी पैसे वाचवायला गाळली की पुढे रबरातून तेल सुटतं, पॅडवर पातळ थर चढतो आणि मग रिमोटसारखं अंगठा रुतवून दाबायची वेळ येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की महिनाभर बरं, परत तेच. बदनाम रबर होतं, चूक ओव्हनची.

पीसीबीला टिनचा हॉट-एअर फिनिश (गरम हवेने सपाट केलेला सोल्डरचा थर) देऊ नका. टिन मऊ, उंच-सखल, आणि वर ऑक्साइड. एकतर पातळ सोनं, नाहीतर तांब्यावर कार्बन शाई. स्वस्तातल्या एकपदरी बोर्डांवर शाईच असते.

सानपाडा स्लो लोकल

रबरवाल्या साहेबांशी तांत्रिकदृष्ट्या सहमत. हिशोबाचं काय? समजा साच्याला दीड लाख लागले. १,००० कीबोर्ड म्हणजे ८७,००० स्विच, दर स्विचला पावणेदोन रुपये. उत्तम. पण धागाकर्त्यांना आधी ५० करायचे असतील तर ४,३५० स्विच, दर स्विचला साडेचौतीस रुपये. २० रुपयांचा स्विच वाचवायला ३४ रुपयांचा साचा!

५० साठी छपाईच. प्रश्न स्विच किती टिकेल हा आहे.

पितळी पट्टी

टिकण्याचंच बोलू. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट म्हणजे मिनिटाला १५० ठोके, तासाला ९,०००. क्लासमध्ये दिवसाला एक तासाच्या ८ बॅच: ७२,०००. सर्वांत जास्त वापरातल्या कळीला दहावा हिस्सा धरा, ७,२००. वर्षाचे ३०० दिवस: २१ लाख ६० हजार. रबर घुमटाचे कीबोर्ड साधारण ५० लाख ते १ कोटी ठोक्यांचे सांगतात, तिथे रबर दोन-चार वर्षं काढेल. घासलेली पीएलएची टिकली? तिचा काळा भुगा बोटांमधल्या ०.४ मिमीच्या फटीत साचणार. तो भुगाही वाहक! म्हणजे आधी ‘लागत नाही’, नंतर ‘सुटत नाही’.

आणि कोणी स्प्रिंगही पीएलएची छापायला निघालं असेल तर आत्ताच थांबा. सतत दाबाखाली पीएलए वाकतं आणि तसंच राहतं, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद टेम्पोत खोकं ठेवलं तर सगळ्या कळा बसलेल्या मिळतील.

माझं म्हणणं साधं आहे. ०.१ मिमीची फॉस्फर ब्राँझची पट्टी घ्या, हाताने वाका, सरकत टेकेल अशी बसवा. घासून स्वतःला साफ करते.

खाडीकाठचा

स्प्रिंग स्टीलचीच लिहिली आहे, वर बघा. भुग्याचा मुद्दा खरा, पण माझी टिकली सरळ खाली येते, सरकत नाही. सरकणाऱ्या कॉन्टॅक्टचा भुगा न सरकणाऱ्याच्या माथी का?

उलट तुमच्या ब्राँझला सोनं नसेल तर काय होतं? आपण ठाण्याच्या खाडीला चिकटून राहतो. जुलैत हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा, शेजारी रासायनिक कारखाने. ब्राँझवर ऑक्साइड-सल्फाइडची पापुद्र्यासारखी पटल येते. ५ व्होल्ट आणि ०.२ मिलिअँपिअर ती फोडू शकत नाहीत, दिव्याच्या स्विचसारखी ठिणगी इथे नाही. म्हणूनच तर स्विचवाले सोनं लावतात, हौस म्हणून नाही. कार्बनला गंजच नाही.

पितळी पट्टी

म्हणून तर सरकती म्हटली. पटल खरवडली जाते.

रबाळे रबर

रोज वापरातल्या कळीची खरवडली जाते. ‘पॉज’ आणि ‘स्क्रोल लॉक’ ची कोण खरवडणार? पावसाळाभर न दाबलेली कळ गणपतीनंतर पहिल्यांदा दाबली की गप्प. कार्बनला याचं सोयरसुतक नाही.

ओहमकार

बाउन्सबद्दल कोणी बोललं नाही. धातू टण्णकन आपटून उड्या मारतो, दोन-चार मिलिसेकंदांत थांबतो. कार्बनचं वेगळं: रोध घसरत घसरत खाली येतो, बोट हळू असेल तर मर्यादेच्या आसपास रेंगाळतो. क्यूएमकेचा मूळ ५ मिलिसेकंदांचा डिबाउन्स (उड्या थांबेपर्यंतची वाट) तिथे अपुरा पडतो आणि ‘क’ चा ‘कक’ होतो. दाबल्याची नोंद लगेच, सुटल्याची १५ मिलिसेकंद थांबून, असं लावा. ३० शब्दांच्या वेगात हाताला कळणारही नाही.

इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगचा सरकारी प्रमाण कळफलक) शिकवणार असाल तर शिफ्टच्या दोन कळांना वेगळी वागणूक द्या. ख, घ, थ, फ सगळे शिफ्टवर. शिफ्ट दाबून धरलेली असताना रोध क्षणभर वर गेला तर ‘ख’ चा ‘क’ होतो आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच बोट चुकलं. त्या दोन जागी एकाऐवजी दोन टिकल्या, समांतर. रोध निम्मा.

सानपाडा स्लो लोकल

मग ५० साठी दांडे आणि घर छापा, टिकल्या कार्बन सिलिकॉनच्या शीटमधून पंचने पाडा आणि चिकटवा. साचाच नको.

रबाळे रबर

पंच ४ मिमीचा, शीट १ मिमीची. पण चिकटवताना फेव्हिक्विक वापरू नका, सिलिकॉनला ते धरत नाही, दुसऱ्या दिवशी टिकल्या बोर्डावर सांडलेल्या सापडतील. सिलिकॉनचाच चिकट सीलंट घ्या, आंबट वासाचा नको: त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड बंद खोक्यात तांब्याला खातं. बिनवासाचा, न्यूट्रल क्युअर. २४ तास उघड्यावर वाळवून मगच कीबोर्ड बंद करा.

खाडीकाठचा

हे पटलं. ‘शीटमधून टिकली, आरपी२०४०, ५ मिमीची खिडकी, बोटांत मास्क नाही’ असा ८ कळांचा तुकडा आधी. त्यातल्या ४ कळांवर घासलेली पीएलए, ४ वर सिलिकॉन. वर गिअर मोटर, सेकंदाला ५ ठोके: दिवसाला ४ लाख ३२ हजार, म्हणजे पितळी पट्टींचं एक वर्ष ५ दिवसांत.

पितळी पट्टी

दोन कळांवर माझी ब्राँझ लावा, म्हणजे १० होतील. आणि मोटर सुरू करण्याआधी तो तुकडा पावसाळाभर खिडकीत ठेवा, वातानुकूलित खोलीत नाही.