न्यू जर्सीत थेट दहावीत प्रवेश: १२० क्रेडिटचं गणित आणि ‘स्कूल प्रोफाइल’

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या एल-१ व्हिसावर (कंपनीने अमेरिकेत बदली केली की मिळतो तो) आम्ही या उन्हाळ्यात पुण्याहून न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत आलो. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत, सेमी इंग्रजीतून नववी झाली, ८१ टक्के. इथल्या पब्लिक हायस्कूलने तिला दहावीत घेतलंय. सप्टेंबरात शाळा सुरू होईल.

काउन्सेलरबाईंनी एक कागद दिला. पदवीसाठी, म्हणजे हायस्कूल डिप्लोमासाठी, किमान १२० क्रेडिट. इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, सामाजिक शास्त्रं १५, कला ५, परकीय भाषा ५, करिअरचा एखादा विषय ५, फायनान्शियल लिटरसी अडीच आणि पीई-हेल्थ (शारीरिक शिक्षण आणि आरोग्य) दर वर्षी पावणेचार. पावणेचार! मी बेरीज केली तर ९७.५ च होतात. उरलेले कुठून आणायचे?

दुसरं म्हणजे तिच्या नववीचं काय? बाई म्हणाल्या, “आम्ही इव्हॅल्युएट करू.” वर ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे चार पानी रंगीत कागद दिले आणि म्हणाल्या कॉलेजसाठी हे महत्त्वाचं. हे प्रोफाइल शाळेचं की मुलीचं? शेजारच्या मुलीचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४.६ आहे म्हणे. आमचे ८१ टक्के इथे बी मायनस धरतात असं ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. आणि सासूबाई दर व्हिडिओ कॉलला विचारतात, “तिची बोर्डाची परीक्षा कधी?” त्यांना काय सांगू?

---

जुना_जर्सीकर

मुक्ताताई, आधी सासूबाईंना सांगा, बोर्ड नाही. अकरावीत मार्चमध्ये राज्याची एक परीक्षा असते, एनजेजीपीए. इंग्रजी आणि गणित, ६५० ते ८५० गुणांची पट्टी, ७२५ ला पास. त्यात नाही जमलं तर एसएटी, एसीटी वगैरे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचे ठरावीक गुण चालतात, तेही नाही तर मुलांच्या कामाचा पोर्टफोलिओ. वर्तमानपत्रात पहिल्या आलेल्या मुलाचा पेढा भरवतानाचा फोटो येईल अशी ही परीक्षा नाही.

बेरीज तुमची बरोबर आहे. वरचे २२.५ इलेक्टिव्हचे, मुलीच्या आवडीचे. क्रेडिटचा हिशोब असा की आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा तास वर्षभर केला की १ क्रेडिट. रोज एक तास असलेला विषय म्हणून ५. पीई-हेल्थ आठवड्याला १५० मिनिटं, भागा ४० ने, आले तुमचे पावणेचार. आणि पीईला हसू नका. गणितात हुशार आणि जिमचे कपडे न आणल्यामुळे पीईत नापास, अशी आपलीच पोरं मी पाहिलीत. ते क्रेडिट चारही वर्षं लागतं.

आता नववी. इथे खरं काम आहे आणि ते शाळा सुरू व्हायच्या आत करा. बाहेरच्या देशातल्या विषयांना किती क्रेडिट द्यायचं हे शाळा आणि डिस्ट्रिक्ट (इथल्या शाळांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था) ठरवतात. नुसती गुणपत्रिका दिलीत तर त्यांना ‘मॅथेमॅटिक्स’, ‘सायन्स’ एवढंच दिसतं, आणि मग ते ‘जनरल मॅथ’ म्हणून इलेक्टिव्हमध्ये टाकून मोकळे होतात. आपल्या नववीला गणिताची दोन पुस्तकं असतात, भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. दोन्हींची अनुक्रमणिका छापून न्या. मुलगी सेमीची आहे, म्हणजे गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीतच. भाषांतराचा खर्च वाचला. ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत.

पण एक सांगतो, भांडून सगळंच मिळवू नका. आपल्या नववीत बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं होतात. वर्गसमीकरणं दहावीत येतात. इथल्या अल्जेब्रा वनमध्ये वर्गसमीकरणं असतात, फंक्शन्स असतात, आलेख भरपूर असतात. कागदावर अल्जेब्रा वन माफ करून घेतलं आणि पोरगी पुढच्या वर्गात बसवली, तर अल्जेब्रा टूमध्ये पहिल्या महिन्यात शिक्षक तिला येतंच असं धरून चालतात. शिवाय एनजेजीपीएचं गणित अल्जेब्रा वन आणि भूमितीवरच असतं. त्यामुळे क्रेडिट मागा, प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) द्यायलाही तयार राहा, आणि दहावीचं आपलं भाग १ चं पुस्तक उतरवून वर्गसमीकरणाचं प्रकरण ऑगस्टमध्ये घरी करून घ्या. (नववीच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. ते दाखवून फायनान्शियल लिटरसीचे अडीच क्रेडिट मिळणार नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकाने प्रयत्न केलाय.)

विज्ञानात वेगळीच गंमत. आपल्याकडे भौतिक, रसायन, जीव सगळं एका पुस्तकात, इथे बायॉलॉजी एक वर्ष, केमिस्ट्री एक वर्ष, फिजिक्स एक वर्ष. म्हणून नववीच्या विज्ञानाचं बायॉलॉजी म्हणून क्रेडिट बहुधा देत नाहीत, आणि बायॉलॉजी तर सक्तीचं. तिला दहावीत नववीच्या मुलांबरोबर बायॉलॉजीला बसावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, इथे एका वर्गात वेगवेगळ्या इयत्तांची मुलं सर्रास असतात. अमेरिकेचा इतिहास मात्र दोन वर्षं, १० क्रेडिट. त्याला पर्याय नाही. आपल्या नववीच्या इतिहासाच्या जोरावर फार तर वर्ल्ड हिस्टरीचे ५ मागून पाहता येतील.

---

टेक्सासवाला_बंड्या

आमच्याकडे एंडॉर्समेंटसह (म्हणजे एका शाखेवर भर देऊन) २६ क्रेडिटमध्ये सुटका! १२० वाचून घाम फुटला.

---

जुना_जर्सीकर

बंड्या, तुमच्याकडे वर्षभराच्या विषयाला १, आमच्याकडे ५. न्यूयॉर्क शहरात ४४ लागतात कारण तिथे सहामाही मोजतात. राज्याराज्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका.

मुक्ताताई, प्रोफाइलचं राहिलं. ते शाळेचं, मुलीचं नाही. पण ते मुलीच्या प्रत्येक कॉलेज अर्जाबरोबर काउन्सेलर पाठवतात, ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकाला, जोडून. शाळेत मुलं किती, ए ग्रेड ९० पासून की ९३ पासून, ऑनर्स-एपीला (नेहमीपेक्षा अवघड, एपी तर कॉलेजच्या पातळीचे विषय) जीपीएत जादा वजन किती, रँक काढतात की नाही, एपी विषय कोणते, मागच्या वर्षीची मुलं कुठे गेली, सगळं त्यात. कॉलेजवाले मुलीची निवड याच्या पार्श्वभूमीवर वाचतात. शाळेत चारच एपी असतील आणि तिने दोन घेतले तर ते भारी. वीस असतील आणि एकही नाही, तर विचारतील का नाही.

तुमच्या चार पानांतलं ग्रेडिंगचं पान काढा. शेजारणीचे ४.६ हे तिच्या शाळेच्या वजनाचे. दुसऱ्या शाळेत एपीला वजनच देत नसतील तर तिथला पहिला मुलगाही बहुधा ४.० च्या वर जाणार नाही. म्हणून जीपीएवरून झोप उडवून घेणं बंद करा, हे मी जरा अधिकारवाणीने सांगतो. किटी पार्टीत जीपीए विचारणाऱ्या बायकांना आमची ही उलट विचारते, “वेटेड की अनवेटेड?” तिथेच विषय संपतो.

८१ टक्क्यांबद्दल: अनेक शाळा बाहेरून आलेल्या विषयांना फक्त क्रेडिट देतात, ग्रेड जीपीएत धरतच नाहीत. तुमच्या शाळेचं धोरण लेखी विचारा. धरत असतील तर राज्य मंडळाची पट्टी सोबत द्या. आपल्याकडे ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. हे कागदावर नसेल तर ८१ बघून इथला माणूस इथल्या पट्टीनेच मोजणार, त्याचा काय दोष.

---

शर्वरी_शाळा

मी इथल्या एका डिस्ट्रिक्टमध्ये सब्स्टिट्यूट टीचर आहे, रविवारी मराठी शाळेत शिकवते. दोन गोष्टी.

प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. मराठी लिहिलंत की इंग्रजीची चाचणी घेऊ शकतात. घाबरून ‘इंग्लिश’ लिहू नका. सेमीची मुलं वाचनात-लेखनात बरी असतात, बोलायला महिनाभर बिचकतात, एवढंच.

आणि परकीय भाषेचे ५ क्रेडिट. लोक लगेच स्पॅनिश वन घेतात. न्यू जर्सीत भाषा येते हे सिद्ध केलं तरी ती अट पूर्ण होते. स्टॅम्प नावाची चाचणी मराठीतही आहे, लेखन आणि संभाषण. तुमचा डिस्ट्रिक्ट ती चालवून घेतो का, हे वर्ल्ड लँग्वेजच्या सुपरवायझरना विचारा, काउन्सेलरना माहीत नसण्याची शक्यता आहे. चांगली पातळी आली तर डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसीही (दोन भाषा चांगल्या येतात याचा शिक्का) मिळू शकतं, राज्यात २०१६ पासून तो कायदा आहे. नववीपर्यंत मराठी प्रथम भाषा असलेल्या मुलीला हे कठीण नाही. फक्त टायपिंगची सवय करून घ्या. आमच्या वर्गातली मुलं निबंध छान सांगतात आणि देवनागरी कीबोर्डवर ‘ज्ञ’ शोधत बसतात.

पण अट सुटली म्हणून भाषा विषयच सोडू नका. बऱ्याच कॉलेजांना हायस्कूलमध्ये दोन वर्षं भाषा घेतलेली हवी असते. डिप्लोमाची अट आणि कॉलेजची अपेक्षा यांत फरक आहे.

---

परतलेला_नागपूरकर

एल-१ म्हणजे परत जायची शक्यता आहेच, म्हणून लिहितो. इथल्या डिप्लोमाला विज्ञानाचे १५ क्रेडिट पुरतात आणि त्यात फिजिक्स न घेताही मुलगा पास होतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स, झालं. भारतात मेडिकलला जायचं असेल तर नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी समकक्ष झालेलं लागतं. समकक्षता प्रमाणपत्र भारतीय विद्यापीठ संघाकडून, म्हणजे एआययूकडून काढतात. तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर फिजिक्स नसेल तर मोठी अडचण होते. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर फिजिक्स आणि गणित शेवटच्या वर्षापर्यंत ठेवा. विषयांची निवड आताच चार वर्षांच्या कागदावर मांडा.

---

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रोफाइल पुन्हा नीट वाचलं. आमच्या शाळेत ए ९० पासून आहे, एपीला एक पूर्ण पॉइंट जादा, आणि रँक काढत नाहीत. शेजारची मुलगी व्होकेशनल स्कूलमध्ये आहे, तिची पट्टीच वेगळी निघाली.

मुलीला विचारलं तर तिला डॉक्टर व्हायचं नाहीये, “पण फिजिक्स ठेव, बाबा चिडतील,” म्हणाली. मग असं ठरलं: दहावीत बायॉलॉजी, अकरावीत केमिस्ट्री, बारावीत फिजिक्स. यूएस हिस्टरी दहावी-अकरावी. प्रश्न एकच उरलाय. ती इथे तीनच वर्षं असणार, तर ट्रान्सक्रिप्टवर नववीची जागा रिकामी दिसेल का?

---

जुना_जर्सीकर

रिकामी नसते. ‘ट्रान्सफर क्रेडिट’ म्हणून विषय आणि क्रेडिट लिहितात. ते नक्की उतरलंय का, हे पहिल्या तिमाहीनंतर पोर्टलवर स्वतः तपासा, बारावीपर्यंत थांबू नका. मूळ गुणपत्रिकेची शाळेचा शिक्का असलेली प्रत पुण्याहून आताच मागवा, एक जादा. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) काउन्सेलरना स्कूल रिपोर्ट भरावा लागतो, प्रोफाइल तिथेच चढवतात. त्यांच्या पत्रात ‘दहावीत भारतातून आली’ हे यायला हवं, आणि त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात. मुलीनेच त्यांना अकरावीच्या शेवटी एक पानभर माहिती लिहून द्यायची.

प्लेसमेंट टेस्टची तारीख मिळाली का?

---

मुक्ता_कोथरूड

२६ ऑगस्ट. वर्गसमीकरणं कालपासून सुरू केलीत. अवयव पाडून येतात, सूत्र वापरायचं म्हटलं की कंटाळा.