फ्रीलान्सिंगचा टॅक्स वर्षभर कसा सांभाळता?

नाशिकचा_कोडर:
नोकरी सोडून आता फुल टाइम फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंट करतोय. दोन क्लायंट पुण्यातले, ते 10 टक्के टीडीएस (माझ्या नावावर आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापून पैसे देतात, एक बाहेरचा आहे तो डॉलरमध्ये पूर्ण देतो. वर्षाचे साधारण 16-17 लाख होतील. कंपनीत फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) यायचा की विषय संपला, आता कोण म्हणतं टीडीएस कापलाय ना मग झालं, कोण म्हणतं जीएसटी काढ नाहीतर नोटीस येईल. सीएकडे जाणारच आहे पण तोवर थोडं तरी कळायला नको का?

कटिंग_चाय:
टीडीएस कापला म्हणजे टॅक्स मिटला असं नसतं भावा, हिशोब रिटर्नमध्येच होतो. तू आयटीवाला म्हणजे 44 एडीए बघ, ठरावीक व्यवसायांच्या यादीसाठीचं सोप्या हिशोबाचं कलम. (एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे, फॉर्मचे नंबर बदललेत, पण तोंडात तेच बसलंय.) जमा रकमेच्या निम्मी कमाई धरायची, खर्चाची बिलं दाखवत बसायला नको. वर्षाच्या जमेची मर्यादा 50 लाख, रोखीने 5 टक्क्यांच्या आत घेतले असतील तर 75. तुझे निम्मे साडेआठ लाख, नवीन रिजीममध्ये (टॅक्सच्या नव्या पद्धतीत) 12 लाखांपर्यंत रिबेट म्हणजे टॅक्स माफ आहे, त्यामुळे दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर उलट टीडीएसचा रिफंड येईल. पुढे कमाई वाढून टीडीएस वजा जाता 10 हजार किंवा वर टॅक्स निघायला लागला की अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायचा, 44 एडीएवाल्यांना तो एकदाच, 15 मार्चपर्यंत. चुकलं की व्याज.

चित्रवेडी:
पण सरसकट सगळ्यांना हे सांगू नका हो! मी इलस्ट्रेटर, 44 एडीएच्या त्या वकील-डॉक्टर-आर्किटेक्टच्या यादीत आमचं नाव नाही. आणि रिफंडच्या भरवशावर राहू नकोस दादा, आधी 26एएस (तुझ्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा ऑनलाइन उतारा) उघडून बघ. माझ्या एका क्लायंटने 10 टक्के कापले आणि 26एएसमध्ये काहीच दिसेना. अकाउंट्सला मेलवर मेल केले, शेवटी कळलं पॅनचं एक अक्षर चुकलंय, मग त्यांनी टीडीएस रिटर्न दुरुस्त केलं तेव्हा कुठे आकडा दिसला. जानेवारी-मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला त्यांना 31 मेपर्यंत मुदत असते, त्याआधी घाबरू नकोस, पण बाकीचं दर तिमाहीला बघत जा.

सांगलीकर:
जीएसटीचं म्हणशील तर सर्व्हिसला 20 लाखांपर्यंत रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. फक्त डॉलरवाली बिलंसुद्धा त्या 20 मध्ये मोजतात, हे लोक विसरतात, आणि तू 17 वर आहेस म्हणजे एक मोठं काम आलं की गेलास पलीकडे. रजिस्ट्रेशन झालं की बाहेरच्या कामासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भर, दर आर्थिक वर्षाला नवा, म्हणजे त्या बिलावर जीएसटी न भरता काम होतं. बँकेकडून पैसे आल्याचं सर्टिफिकेट आत्तापासूनच मागून ठेव. आणि पीटीईसी (स्वतःच्या प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी) काढलंस का? वर्षाचे 2,500, 30 जूनच्या आत.

नाशिकचा_कोडर:
पीटीईसी?? पगारातून 200 कापायचे तेच ना? ते आता मी स्वतः भरायचं?

सांगलीकर:
हो तेच. महाजीएसटीच्या साइटवर ऑनलाइन होतं, त्याला सीएला वेगळे पैसे देऊ नकोस.