३१ तारखेला बाद होणारे पॉइंट: वापरायचे, की जाऊ द्यायचे?

गंगापूररोडची_सून
काल क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघताना तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली. खर्चावर मिळालेले ११,२०० रिवॉर्ड पॉइंट, ३१ तारखेनंतर बाद. दोन वर्षं साठत होते आणि मला पत्ताच नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बसून हिशेब केला. भेटवस्तूंच्या यादीत एक नॉनस्टिक सेट ११,००० पॉइंटांना आहे. त्याच कंपनीचा तोच सेट भांडी बाजारात १,९०० रुपयांना मिळतो, मी दुकानात फोन करून विचारलं. पॉइंट बिलातून वळते केले तर एका पॉइंटचे २० पैसे, म्हणजे २,२४० रुपये. किराण्याचं व्हाउचर घेतलं तर २५ पैसे, म्हणजे २,८००. काहीही घेतलं तरी ९९ रुपये फी आणि वर जीएसटी, असे साधारण ११७ जाणारच.

माझं मत सांगते. पॉइंट हे आपलेच पैसे, सोडायचे नाहीत. पण ते 'वाचवायला' खिशातला एक रुपयाही जास्त घालायचा नाही. जे दर महिन्याला घेतोच तेवढंच घ्यायचं, तेल, डाळ, साबण. यादीतल्या भेटवस्तू तर अजिबात नकोत.

हे सुचलं शेजारणीमुळे. तिचे एका कपड्यांच्या दुकानात ४१२ रुपयांचे पॉइंट होते. अट अशी की २,००० च्या वरच्या खरेदीवरच ते वापरता येतात. शेवटच्या दिवशी धावत गेली आणि ३,१०० चं बिल करून आली. २,६८८ खिशातून गेले आणि ही खूश, कारण ४१२ 'वाया गेले नाहीत'. घरी येऊन पिशवी दाखवली तर त्यातला एक कुर्ता तिच्या मापाचाही नव्हता.

तुम्ही काय करता?

सातपूर_जनरल_शिफ्ट
मी जाऊ देतो. खरंच. ११,२०० पॉइंटांसाठी तुम्ही खर्च किती केला ते आधी सांगा. तो आकडा कोणीच सांगत नाही.

गंगापूररोडची_सून
सांगते ना. किराणा आणि हॉटेल मिळून दोन लाख, त्यावर शंभराला ५ पॉइंट. बाकी सगळं, फी, औषधं, गॅस, १ लाख २० हजार, त्यावर शंभराला १. करा बेरीज.

सातपूर_जनरल_शिफ्ट
केली. ३ लाख २० हजारांवर २,८०० रुपये. शंभराला ८७ पैसे. त्यासाठी दोन वर्षं कार्ड सांभाळायचं, तारखा लक्षात ठेवायच्या, रात्री जागून याद्या चाळायच्या. आणि एक महिना बिल भरायला चुकलात तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. एका चुकीत पॉइंटांचा मोठा हिस्सा खलास. माझ्या खात्याचे पैसे यूपीआयने जातात, रात्री झोप लागते.

गंगापूररोडची_सून
चुकले तर ना! बिल खात्यातून आपोआप वळतं होतं. आणि खर्च पॉइंटसाठी केलेला नाही, शाळेची फी काय हौस म्हणून भरते का मी?

मेनरोडचा_गल्ला
दुकानदाराचंही ऐका जरा. तुम्ही क्रेडिट कार्ड घासता तेव्हा माझ्या शंभरातले साधारण दीड ते दोन रुपये कापून बाकीचे खात्यात येतात. तुमचे ८७ पैसे त्यातूनच निघतात. बँक स्वतःच्या घरचं काही देत नाही. बँक खात्यातून यूपीआय केलंत तर मला काही कापलं जात नाही, २०२० च्या जानेवारीपासून ते शून्यच आहे. मग ते दोन रुपये मी तुम्हालाच सोडले असते की! रोख किंवा यूपीआय देते म्हणा आणि भाव करा. दोन टक्के जागच्या जागी मिळतात, त्याला ना मुदत ना फी.

गंगापूररोडची_सून
भाऊ, मेन रोडला मिळतात. ज्या दुकानात बारकोड मारून बिल होतं तिथे मी कोणाशी भाव करू, मशीनशी?

मेनरोडचा_गल्ला
मग आमच्याकडे या.

हिशेबनीस
सीए आहे म्हणून एक गोष्ट टाकतो, सातपूरकरांसाठी. तुम्ही पॉइंट सोडून देता तेव्हा ते हवेत जात नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे हिशेब ठेवण्याचं मानक लागू आहे. त्यानुसार, ज्या कंपन्यांना ते लागू आहे त्यांनी खरेदीवर पॉइंट दिले तर मिळालेल्या पैशातला पॉइंटपुरता हिस्सा लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. तो देणं म्हणून बाजूला राहतो. तुम्ही पॉइंट वापरले की तो उत्पन्नात जातो, मुदत संपली तरी जातो. जे गिऱ्हाईक कधीच येणार नाही त्याचा अंदाजही आधीच बांधलेला असतो, त्याला ब्रेकेज म्हणतात. थोडक्यात, तुम्ही विसरणार हे त्यांनी धरलेलंच आहे. 'मी जाऊ देतो' म्हणणं म्हणजे विरोध नव्हे, ते त्यांच्या अंदाजात बसतं.

सातपूर_जनरल_शिफ्ट
बसू दे. त्यांचा अंदाज खोटा पाडायला मी ११७ रुपये फी भरू?

हिशेबनीस
२,८०० मिळत असतील तर हो. पॉइंट ४०० असते तर मीही नको म्हटलं असतं, शंभर रुपयांसाठी ११७ कोण घालवेल.

ओझर_टू_दिल्ली
तुम्ही सगळे पॉइंट तेल-डाळीत घालवताय, वाईट वाटतं. माझं कार्ड विमान कंपनीला पॉइंट पाठवू देतं. योग्य तारीख सापडली तर एका पॉइंटचा भाव ८०-९० पैशांपर्यंत जातो. गेल्या वर्षी आईबाबांना त्यावरच दिल्लीला पाठवलं. किराणा तर होतच राहतो. बाबा पहिल्यांदा विमानात बसले, ते २५ पैशांच्या हिशेबात कुठे धरणार?

गंगापूररोडची_सून
छान केलंत. पण माझ्या कार्डावर ती सोय नाही. आणि ३१ ला किती दिवस उरलेत?

हिशेबनीस
आणि ओझरवाले, विमानाच्या पॉइंटांना पण तारीख असते हे विसरू नका. एकदा पाठवले की परत येत नाहीत. तिकिटावर कर आणि शुल्क रोखीने भरावं लागतं ते वेगळं. शिवाय साठवणं धोक्याचं. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमानं थांबली आणि त्याच वर्षी तिच्या पॉइंटांच्या योजनेचं, जेटप्रिव्हिलेजचं, नाव इंटरमाइल्स झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात गेली, तिचे पॉइंटही तिकडच्या योजनेत गेले. नाव बदलतं, नियम बदलतात, भावही बदलतो. आपल्याला फक्त ईमेल येतो.

ओझर_टू_दिल्ली
आले ना पण! बुडाले तर नाहीत.

आडगाव_नाका_ट्रान्सपोर्ट
आमच्याकडचा वाद वेगळाच आहे. डिझेल कार्डावर भरलं जातं, पॉइंट जमा होतात, पण ते कोणाचे? पैसा माझा. पण कार्ड ड्रायव्हरकडे, मोबाइल नंबर पण सोयीसाठी त्याचाच टाकलेला. दिवाळीला बघितलं तर खातं रिकामं. विचारलं तर म्हणतो, शेठ, मुदत संपत होती म्हणून मी डिझेलमध्ये वापरून टाकले. कोणत्या गाडीत, ते मात्र सांगत नाही.

शिट्टी_आणि_हॉर्न
शेठ, रात्री दोनला कसाऱ्याच्या घाटात गाडी कोण चालवतं? ऑफिसातला साहेब कंपनीच्या पैशानं विमानात बसतो तेव्हा त्याचे पॉइंट तोच घेतो ना? तिकडे कोणी विचारत नाही. ड्रायव्हरनं दोनशे रुपयांचं डिझेल घेतलं की चोर.

आडगाव_नाका_ट्रान्सपोर्ट
चोर म्हटलंय का मी? सांगून घ्यावं एवढंच.

सातपूर_जनरल_शिफ्ट
शिट्टी भाऊंचा मुद्दा सव्वाशे टक्के खरा आहे. आमच्याकडे मॅनेजर लोक कंपनीच्या दौऱ्याच्या पॉइंटांवर गोव्याला जातात. आणि पंपावर कधी बघा, आपण पॉइंटसाठी मोबाइल नंबर सांगितला नाही तर नळीवाला पोरगा स्वतःचाच नंबर टाकतो. मला एकदा दिसलं. मी काही बोललो नाही. उन्हात बारा तास उभा असतो तो, जाऊ द्या म्हटलं.

गंगापूररोडची_सून
म्हणजे तुमचे पॉइंट कंपनीला गेले तरी चालतात आणि पोराला गेले तरी चालतात. फक्त स्वतःला नकोत!

सातपूर_जनरल_शिफ्ट
पोराला गेले तर जास्त चालतात.

जुने_पंचवटीकर
मी निवृत्त आहे, वय ७१. लहानपणी चहाच्या पुड्यावरची कुपनं कापून आई डब्यात ठेवायची, पुरेशी झाली की स्टीलची ताटली मिळायची. अमेरिकेत १८९६ पासून दुकानदार हिरवी तिकिटं द्यायचे आणि बायका ती वहीत चिकटवायच्या. तेव्हा ही युक्ती जुनीच.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. मागच्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला. तुमचे हजारो रुपयांचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालची फाइल उघडा. वर बँकेचं चिन्ह. घाईत फाइल घेतली. नातू शेजारीच बसला होता, त्यानं फोन हातातून काढून घेतला, इंटरनेट बंद केलं, ते अ‍ॅप पुसून टाकलं. पैसे वाचले, हात मात्र रात्रभर थरथरत होते. 'आज संपतात' हे वाचलं की माणूस चष्मा सुद्धा नीट लावत नाही हो.

हिशेबनीस
काका, वाचलात. हा प्रकार सगळीकडे चालू आहे, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही याबद्दल सावध केलं आहे. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल उघडायचीच नाही, ती उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं. पॉइंट बघायचे तर बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊन किंवा कार्डामागचा नंबर लावून. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

सातपूर_जनरल_शिफ्ट
हेच म्हणतोय मी! ज्याला पॉइंटांची हाव नाही त्याला कोणी फसवू शकत नाही.

जुने_पंचवटीकर
हाव नव्हती हो. माझे पॉइंट होते, घ्यावेत असं वाटलं. त्यात चूक काय?

सातपूर_जनरल_शिफ्ट
चूक नाही काका. शब्द मागे घेतो.

मेनरोडचा_गल्ला
ताई, ३१ आली जवळ. काय केलंत?

गंगापूररोडची_सून
केलं. किराण्याची व्हाउचरं घेतली. गंमत अशी की ती ५०० च्या पटीतच मिळतात. पाच घेतली, १०,००० पॉइंट गेले. ११७ रुपये पुढच्या बिलात लागतील. व्हाउचरं मात्र सहा महिन्यांत वापरायची आहेत. म्हणजे आता त्यांची तारीख सांभाळा! फ्रिजवर चिकटवून ठेवलीय.

सातपूर_जनरल_शिफ्ट
आणि उरलेले १,२००?

गंगापूररोडची_सून
त्यात एक पेन ड्राइव्ह मिळत होता. तुम्हाला ऐकून आवडेल, मी नाही घेतला.

सातपूर_जनरल_शिफ्ट
म्हणजे ३०० रुपये जाऊ दिलेत.

गंगापूररोडची_सून
हो. कोणाला सांगू नका.