मदत हवी आहे: कृतज्ञतेची वही हजेरीपट झाली आहे

रोज झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहिते. आधी मजा यायची: आल्याचा चहा, खिडकीतला मोगरा, लोकलमध्ये अवचित मिळालेली विंडो सीट. आता तेच ते उतरतं, मन कोरडंच. रिमाइंडरचं ॲप लावलं, उलट चिडचिड वाढली. एमन्स आणि मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ च्या अभ्यासात, एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहायचे, म्हणून रविवारवर आणलं, पण तोवर बारीकसारीक सगळं विसरतं (आणि रविवारी हमखास पाहुणे!). झोप, भूक व्यवस्थित आहे, उदास वगैरे नाही. ध्यानाचे वर्ग सुचवू नका, वेळ रात्रीची जेमतेम दहा मिनिटं. वही वर्षानुवर्षं टिकवलेल्यांनी सांगा: एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहायचं, की लिहिणं सोडून घरच्यांशी बोलायचं? तुम्हाला नेमकं काय लागू पडलं?