मदत हवी आहे: आवाज-कंपन रेकॉर्डरच्या कॅलिब्रेशनचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार. एका आजींची झोपायची खोली पंपाच्या खोलीच्या बरोबर वर आहे. रात्री पंप सुरू झाला की भिंत घुमते, खाटेच्या पायापर्यंत थरथर येते आणि त्यांची झोप मोडते. पंप सांभाळणारे म्हणतात, मीटर लावून पाहिलं, आवाज मर्यादेत आहे. मला दोघंही खोटं बोलतायत असं वाटत नाही. म्हणून रात्रभर नोंद घ्यायचं ठरवलं. पण माझाच आकडा चुकला तर कुणा एकावर अन्याय होईल, त्यामुळे जाणकारांना विचारतोय.

रेकॉर्डर दोन चॅनेलचा आहे. एकाला अर्ध्या इंचाचा मायक्रोफोन, तो आजींच्या खोलीत. दुसऱ्याला आयईपीई ॲक्सेलरोमीटर (केबलमधूनच वीज घेणारा कंपनाचा सेन्सर), १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण), तो खाली पंपाच्या लोखंडी बैठकीवर चुंबकाने बसवलाय. केबल साधारण बारा मीटर. दोन कॅलिब्रेटर (ठरलेला आवाज किंवा कंपन देणारी तपासणीची यंत्रं) उसने मिळालेत, दोघांची प्रमाणपत्रं मुदतीत आहेत: आवाजाचा १००० हर्ट्झला ९४ डेसिबल, कंपनाचा १५९.२ हर्ट्झला १० मीटर प्रति सेकंद वर्ग, आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ).

पहिली अडचण आवाजाची. संध्याकाळी कॅलिब्रेटर लावला तर ९३.१ दिसलं. 'ॲडजस्ट' दाबून ९४.० करून घेतलं आणि रात्रभर रेकॉर्डिंग केलं. सकाळी पुन्हा तपासलं तर ९४.९! रात्रीतून मायक्रोफोन इतका कसा बदलेल?

दुसरी कंपनाची. कॅलिब्रेटरवर १० च्या जागी १४.१ दिसतं, आणि आकडा अगदी स्थिर आहे. सेन्सिटिव्हिटी (सेन्सर किती कंपनाला किती व्होल्ट देतो तो आकडा) १०० ऐवजी १४१ भरली की बरोबर १० येतं. तसं करून चालेल का? सेन्सरच्या प्रमाणपत्रावर मात्र १०० च्या आसपासचाच आकडा आहे, म्हणून हात धजत नाही.

लंबक:
हात धजला नाही हे फार बरं झालं. १४१ अजिबात भरू नका. १४.१ भागिले १० म्हणजे दोनाचं वर्गमूळ. तुमचा रेकॉर्डर आरएमएस नाही, पीक म्हणजे लहरीचं सर्वांत उंच टोक दाखवतोय. कॅलिब्रेटर शुद्ध साइन लहर देतो, तिचं पीक आरएमएसच्या १.४१४ पट असतं. गेन (आकडा वाढवणारा-घटवणारा गुणक) ओढून १० आणलंत तर कॅलिब्रेटरवर सगळं ठीक दिसेल, पण पंपावर चूक होईल, कारण पंपाचं कंपन शुद्ध साइन नसतं. बेअरिंगमध्ये ठोका असेल तर पीक आरएमएसच्या तिप्पट-चौपट सहज जातं, आणि १.४१ चा हिशेब तिथे लागू पडत नाही. डिटेक्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन आरएमएस निवडा, सेन्सिटिव्हिटी प्रमाणपत्राप्रमाणेच ठेवा.

नंतर एक पडताळणी करा. १५९.२ हर्ट्झ हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला असतो. तिथे कोनीय वारंवारता १००० रेडियन प्रति सेकंद होते, म्हणून त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर वेग १० मिलिमीटर प्रति सेकंद आणि विस्थापन १० मायक्रोमीटर येतं. रेकॉर्डर वेगावर टाकून बघा, १० आलं तर इंटिग्रेशनही (त्वरणावरून वेग काढण्याचा हिशेब) बरोबर आहे. चुंबकाखाली रंगाचा पापुद्रा किंवा ग्रीसची माती नको, जागा घासून घ्या.

कानोसा:
आवाजाबद्दल मी सांगते. मायक्रोफोन रात्रीतून बदललेला नाही, संध्याकाळचं कॅलिब्रेशन चुकलं असणार. दोन गोष्टी सांगा. ॲडजस्ट केल्यावर सेन्सिटिव्हिटी किती झाली? आणि संध्याकाळी ९३.१ स्थिर होतं की हलत होतं?

धागाकर्ता:
लंबक, आरएमएस निवडल्यावर १०.०, वेगालाही १०. मनापासून आभार!
कानोसाताई, प्रमाणपत्रावर ४९.६ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, ॲडजस्टनंतर ४४.७ झाली. आणि हो, आकडा ९२.८ ते ९३.३ मध्ये डुलत होता. मला वाटलं बाहेरच्या आवाजाने.

कानोसा:
मग सापडलं. धक्का न लागता चांगला मायक्रोफोन दहा टक्के सेन्सिटिव्हिटी गमावत नाही. कॅलिब्रेटरच्या तोंडात मायक्रोफोन नीट बसला नव्हता, हवा गळत होती, म्हणून पातळी कमी दिसली आणि तुम्ही गेन वाढवून ती झाकलीत. अर्ध्या इंचाच्या ॲडॅप्टरमधली रबरी रिंग नीट बसली आहे का ते पाहा. मायक्रोफोन थेट आत, टेकेपर्यंत सावकाश ढकला, आतला दाब सारखा व्हायला थोडं थांबा, मगच आकडा वाचा. काढून-घालून तीन-चारदा करा, दरवेळी एक-दोन दशांशांत तोच आकडा यायला हवा. मायक्रोफोन फ्री-फील्ड (मोकळ्या जागेत समोरून येणाऱ्या आवाजासाठी बनवलेला) असेल तर कॅलिब्रेटरच्या पुस्तिकेत त्याची छोटी दुरुस्ती दिलेली असते, तीही धरा.

रात्रीची नोंद मात्र सोडून द्या. आधीच्या आणि नंतरच्या तपासणीत ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मापन बाद, असं आयएसओ ९६१२ सारखी मानकं सांगतात. ०.९ वजा करून स्वतःच्या अंदाजासाठी बघा, पण दुसऱ्याच्या हातात तो कागद देऊ नका.

एक विचारते, पंपाचे मिनिटाला फेरे किती? आणि नोंद कुठल्या वेटिंगवर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती वजन द्यायचं त्या गाळणीवर?

धागाकर्ता:
पाटीवर १४५०. नोंद ए वेटिंगवर.

कानोसा:
१४५० ला ६० ने भागा, साधारण २४ हर्ट्झ. ए वेटिंग २५ हर्ट्झला ४४.७ डेसिबल कापतं. म्हणजे आजींची खाट ज्याने थरथरते, तेच तुमच्या नोंदीतून जवळजवळ पुसलं जातंय. पंपवाल्यांचा मीटरही ए वर असेल तर त्यांचा आकडाही खरा आणि आजींचा त्रासही खरा. ए ठेवाच, मर्यादा त्यातच मोजतात, पण सोबत सी किंवा झेड (काहीच न कापणारं) वेटिंग आणि एक-तृतीयांश ऑक्टेव्हही (आवाज वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यांत वेगळा दाखवणारी नोंद) सुरू करा. सी तिथे फक्त ४.४ कापतं. सुरुवातीला कॅलिब्रेटरचा सूर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, नंतर गेन किंवा रेंजला हात लावू नका.

धागाकर्ता:
रबरी रिंग एका बाजूने दुमडून खाचेबाहेर आली होती, नखाने सरळ केली. मूळ ४९.६ परत भरलं. चार वेळा काढून-घालून ९३.९, ९३.९, ९४.०, ९३.९. ॲडजस्टला हातच लावला नाही.

आज पुन्हा रेकॉर्डर लावला. पंपाच्या बैठकीवर बोटाने टकटक केली तर कंपनाच्या चॅनेलवर उभी रेघ उमटली, म्हणजे केबल ठीक. मग वर जाऊन बसलो. पंप सुरू झाला तसा २५ हर्ट्झचा पट्टा एकदम वर चढला, आणि ए चा आकडा जेमतेम हलला. आजींना पडदा दाखवला. त्या बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाच तो."

सकाळची तपासणी झाली की आकडे इथे टाकतो.