बर्फ, दारू आणि घटस्फोट, एवढंच?

रविवारची दुपार
काल कुणीतरी इथे लिहिलं, "स्कँडिनेव्हियन रहस्यकथा म्हणजे बर्फ, दारू आणि घटस्फोट. इंग्रजी अनुवाद वाचून लोक उगाच भारावतात." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माय शेवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडप्याने 1965 ते 1975 मध्ये स्टॉकहोमच्या मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत कालव्यातून एका बाईचं प्रेत निघतं आणि ती कोण हेच बराच काळ कळत नाही. नुसते फोन, पत्रं आणि वाट बघणं. माझे बाबा हवालदार म्हणून लागले, फौजदार म्हणून निवृत्त झाले. एका खुनाच्या तपासात दीड वर्ष होते. ताटावरून अर्धवट उठायचे, खायचा सोडा पाण्यात घालून प्यायचे. मार्टिन बेकचंही पोट कायम बिघडलेलं असतं. एवढ्या दूरच्या स्टॉकहोममध्ये मला माझं घर दिसलं. आपल्याकडच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळा पहाडवर मी लहानपणी जीव टाकला, पण त्यांना कधी पित्त झालं नाही.

आणि स्वीडिश लेखक मांकेलचा पोलीस अधिकारी कुर्ट वालांडर? 1991 च्या पहिल्या पुस्तकात एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर हल्ला होतो. मरता मरता बाई "परदेशी" एवढंच बोलते. ते बाहेर फुटतं आणि लोक निर्वासितांच्या जिवावर उठतात. यात तुम्हाला फक्त बर्फ दिसलं?

गडहिंग्लजकर
ते वाक्य माझंच. वडिलांबद्दल आदर आहे, पण मत बदललेलं नाही. स्वीडनच्या लार्सनची तिन्ही पुस्तकं वाचली, नॉर्वेच्या नेस्बोची सहा. बाईच्या प्रेतापासून सुरू होणारं पुस्तक मला आता हातात धरवत नाही, आणि तुमचं उदाहरणही नेमकं तेच निघालं.

दुसरं, ही आवड बरीचशी लंडनच्या प्रकाशकांनी रुजवलेली आहे. नेस्बोच्या मालिकेतलं पाचवं पुस्तक इंग्रजीत आलं 2005 ला, पहिलं आलं 2012 ला. तिसऱ्यात पडलेल्या कोड्याचं उत्तर पाचव्यात आहे. मला उत्तर आधी मिळालं. लार्सनच्या पहिल्या पुस्तकाचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत पुरुष गायब, राहिली गोंदणवाली मुलगी. जे मुळात नव्हतंच त्यावर भाळायचं कशाला?

शब्दमजूर
अनुवादकाच्या नावाने खडे फोडण्याआधी थोडं ऐका. लार्सनचा इंग्रजी अनुवाद स्टीव्हन मरे यांचा. संपादनातले बदल पटले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं नाव काढून 'रेग कीलंड' हे टोपणनाव घातलं. 2005 मध्ये आइसलँडच्या एका कादंबरीला ब्रिटनचा गोल्ड डॅगर हा रहस्यकथांचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षापासून अनुवादित पुस्तकांना वेगळ्या बक्षिसाच्या पंगतीला बसवलं.

मी अशीच एक स्वीडिश कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणली. चार महिने रात्री जागून. मुखपृष्ठावर माझं नाव नाही, आत बारीक टाइपात आहे. एकरकमी पैसे आणि हक्क प्रकाशकाचे. कनिष्ठ पोलीस वरिष्ठाला तू म्हणेल की तुम्ही, यावर तीन दिवस अडलो होतो. इंग्रजीत सगळे एकाच मापाचे. शेवटी सगळीकडे "साहेब, तुम्ही" केलं.

उत्तरेकडचा
अरेरे, तिथेच घात झाला! मी अकरा वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे. इथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून सगळे एकमेकांना तूच म्हणतात. 1967 मध्ये वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी जाहीर केलं की मी सर्वांना तू म्हणणार, आणि ती लाट देशभर गेली. पहिल्या आठवड्यात विभागप्रमुख खोलीत आल्या आणि मी खुर्चीतून उठलो. सगळ्यांना वाटलं, मी घरी निघालो.

या देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे 28 फेब्रुवारी 1986 ला सिनेमा बघून बायकोबरोबर पायी घरी निघाले होते, अंगरक्षकाशिवाय. वाटेतच त्यांना गोळी घातली. 2020 मध्ये तपास बंद झाला तो अशा संशयितावर बोट ठेवून, जो 2000 मध्येच वारला होता. तू-तुम्ही नसलेल्या, दार उघडं ठेवणाऱ्या समाजाला बसलेला तडाखा या पुस्तकांत आहे. तुम्ही "साहेब" घातलंत आणि तो समाजच पुसलात.

शब्दमजूर
पुसला? गोथेनबर्गला बसून बोलणं सोपं आहे. मराठीत शिपाई फौजदाराला "तू काय म्हणतोस, कुर्ट?" म्हणाला तर वाचकाला वाटेल आता मारामारी होणार. मी वाचकासाठी लिहितो, तुमच्या कचेरीसाठी नाही.

वेंगुर्ल्याची
आमच्या मालवणीत आजोबांनाही तूच म्हणतात. आईला आणि विठ्ठलाला तर सगळा महाराष्ट्र तू म्हणतो. वाचक इतका नाजूक नसतो हो.

शब्दमजूर
विठ्ठल ड्युटीवर नसतो.

रविवारची दुपार
माझा मूळ मुद्दा कुठच्या कुठे गेला. पण उत्तरेकडच्यांनी सांगितलं तेच मला म्हणायचं होतं, फक्त मला ते व्याकरणातून सुचलं नसतं. बाबांना त्यांच्या साहेबाला "तुम्ही चुकताय" म्हणायला अख्खी नोकरी पुरली नाही. बेकच्या खोलीत कुणीही ते म्हणतं.

गडहिंग्लजकर
हे वाक्य आधी लिहिलं असतंत तर मी भांडलो नसतो. ठीक आहे, बेक वाचतो. पण कालव्यातलं प्रेत नको. दुसरं सांगा.

रविवारची दुपार
1968 चं, बसमधल्या गोळीबाराचं. मेलेल्या नऊ जणांत एक त्यांचाच तरुण सहकारी आहे. तो त्या बसमध्ये का होता, तिथून सुरू होतं.

शब्दमजूर
आज सकाळी माझ्या अनुवादाची पहिली दहा पानं "तू" घालून बघितली. दोन पानांवर बरी वाटली. उरलेल्या आठांवर माझं भांडण कायम आहे.